वाल्डेनहोफचं स्टेशन

ज्ञानेश्वरकाकांनी वरच्या मजल्यावरच्या छोट्या बॉक्सरूमचा दिवा लावला आणि गिरीशच्या तोंडून "बाप रे!" निघून गेलं. खोलीभर एकच टेबल, आणि टेबलावर जर्मनीतलं एक अख्खं स्टेशन.

"वाल्डेनहोफ," काका म्हणाले, आणि सुटलेच. इमारत कैसरच्या काळातली. लढाईत छप्पर गेलं, भिंती राहिल्या, म्हणून वरच्या विटांचा रंग वेगळा. तिकीटखिडकी बंद झाली, आता नुसतं मशीन. ही बेकरी, पहाटेच उघडते. इथे सायकली लावायच्या. लिफ्ट फक्त एक नंबरच्या फलाटाला. पॅसेंजर दर तासाला थांबते, फास्ट थांबत नाही.

काका त्या गावाला एकदाच गेले होते, अनिशला आणायला. म्हणजे काय, जे उरलं होतं ते आणायला. एकुलता एक पोरगा. शिकायला म्हणून गेला आणि त्या न थांबणाऱ्या गाडीखाली सापडला. तेव्हापासून इंग्लंडमधल्या, स्लाऊच्या या घरात दुसरं काही घडलेलंच नाही. काका वर स्टेशन बांधतात. नीनाकाकू त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. "डोकं फिरलंय त्यांचं," म्हणतात आणि खाली एकट्याच जेवून घेतात.

गिरीश शेजारचा, पुण्याहून नोकरीसाठी आलेला. भला मुलगा. त्याला वाटलं, काकांना जरा उभारी द्यावी. "सगळं झालंय की, काका! रूळ तेवढे राहिले. मी ऑर्डर करतो ना. संडेला दोघं बसून टाकू."

"नको."

"अहो, पण रुळांशिवाय..."

"नको म्हटलं ना! इथे गाडी येणार नाही."

गिरीशला कुठून बोललो असं झालं.

आवाज ऐकून नीनाकाकू वर आल्या होत्या. दारातच थांबल्या. मग काय वाटलं कोण जाणे, आत आल्या आणि चष्मा सावरत टेबलावर वाकल्या. बेकरी पाहिली, सायकली पाहिल्या. दोन नंबरच्या फलाटावर निळ्या जॅकेटातला, नखाएवढा एक मुलगा उभा होता. त्याच्याकडे त्या बघतच राहिल्या.

"अहो, किती कडेला उभं केलंत त्याला!"

"रूळच नाहीत गं, नीना."

"नसू देत. मागे घ्या."

काकांनी बोट लावलं. आधी हळूच, मग जोर लावून.

तो हलेना. पक्का चिकटवलेला होता.