बिल्ला नसलेली सायकल

"कोणी बनवली आणि कधीची, एवढंच कळायला हवं," म्हणत तोताराम गुरुजींनी गोणपाट सोडलं.

आत सायकलचा नुसता सांगाडा होता. चाकं नाहीत, सीट नाही, पुढचा कंपनीचा बिल्लाही नाही. एरंडोलहून धुळ्यापर्यंत कंडक्टरशी हुज्जत घालत गुरुजींनी तो एसटीतून आणला होता. जुन्या सायकलींची कुळी सांगणारा मिस्त्री म्हणून झिपरू नानांचं नाव आजूबाजूच्या जिल्ह्यांत होतं.

नाना सांगाड्याकडे बघतच राहिले. "कोठून आनी हाई?"

"घरातलीच. जुनी," गुरुजी म्हणाले. त्यांचे कान तापले.

सत्त्याहत्तर साली पारोळ्याच्या स्टँडवर त्यांची एसटी चुकली होती. अकराला एरंडोलच्या शाळेत मुलाखत. भिंतीला टेकलेली, कुलूप नसलेली ही सायकल त्यांनी उचलली आणि मारत सुटले. नोकरी लागली. संध्याकाळी परत नेऊन ठेवायची होती. धीर झाला नाही. बिल्ला उचकटून विहिरीत टाकला, वरून काळा रंग फासला. पुढं तीस वर्षं त्याच सायकलीवरून शाळेत जाऊन मुलांना प्रामाणिकपणा शिकवला. एकदा खोडरबर चोरलं म्हणून सबीहा नावाच्या मुलीला त्यांनी वर्गासमोर उभं केलं. त्या दिवशी सायकल हातात धरून ते पायीच घरी आले.

आता बनावट कळली तर विकणारा कळेल, त्यावरून मालक, नाहीतर त्याची मुलंबाळं. मरण्याआधी कुणाचे तरी पाय धरायचे होते.

नानांनी सांध्यांवरून बोटं फिरवली. "नळ्या विलायती. जोडकाम इकडचं, पितळेनं झाळलेलं. पन्नास-बावन्न साल धरा. कंपनीची नाही, कुण्या कारागिरानं हातानं बांधलेली."

"मग खाली नंबर तरी असेल ना?"

"तठे काही नही शे. बठ्ठं घासेल शे."

गुरुजींनी सांगाडा उलटा केला. पेडलच्या नळीखाली, रंगाच्या आत, नंबर घासल्याचे कानशीचे ओरखडे बोटाला लागले. हे त्यांनी केलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्या कधी लक्षातही आलं नव्हतं. आणि नानांनी तर तिथं पाहिलंही नव्हतं.

गुरुजी तिथंच पायरीवर बसले.

"नाना, मी खोटं बोललो. ही घरातली नाही. पारोळ्याच्या स्टँडवरून मी चोरली होती. सत्तेचाळीस वर्षं झाली. रोज शाळेत प्रार्थनेला हात जोडले, पण मान वर करून कधी उभा राहिलो नाही."

नाना भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसले.

"काय शिक्षा द्यायची ती द्या, पण एकदा बोला. सायकल तुमचीच ना?"

नाना वळले. गुरुजींशेजारी पायरीवर येऊन बसले.

"तुमले दारमा पाहीसन माले वाटनं, मालकच उना," ते म्हणाले. "हाई मनी नही, गुरुजी. मी बी चोरेलच व्हती."