डाव्या अंगाची झीज

“परत बोथट! ह्या चाकूनं दगड फोडता की काय?” फणसवाडीतले धारवाले बाबुराव करवादले. महिन्यातली ही तिसरी खेप होती.

पातं जुनं, विलायती. रॉकेलनं गंज उतरवून, शिसवी मूठ बसवून बाबुरावांनीच ते पुन्हा माणसांत आणलं होतं.

“फोडतंय कोण?” आनंदीबाईही वैतागल्या. “हेमू आला की त्याला हवा असेल, म्हणून ट्रंकेत कुलपात ठेवलाय. किल्ली माझ्या कमरेला. तरी काढून बघावा तर बोथट.”

त्यांचा मुलगा हेमचंद्र गेल्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेला होता. त्याबद्दल वाडीत कुणी त्यांच्यासमोर चकार शब्द काढत नसे.

बाबुरावांनी पातं उजेडात धरलं. धार कुठल्या अंगानं झिजलीय, त्यावरून ते वापरणारा हात ओळखत.

“बाई, उगाच काहीतरी सांगू नका. हा रोज वापरात आहे. घरात डावखुरं कोण?”

आनंदीबाईंनी चाकू हातात घेऊन नाकाशी नेला. पात्याला नुकत्याच कापलेल्या पेरूचा वास येत होता.

उंबऱ्याशी उभी असलेली त्यांची सून सुनेत्रा पुढे झाली.

“डावखुरे एकटे हेच, आई,” ती म्हणाली. “आणि गोळी लागल्यावर ह्यांचं प्रेत तुमच्याच मांडीवर होतं.”