जुन्या पेलिकनची हकालपट्टी

"आता बास. गटात तो राहील, नाहीतर मी," असं म्हणून डॉरीनने मोबाईल जॅनिसच्या ओट्यावर आपटला.

जॅनिसने स्कोनच्या, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या पावांच्या, पिठाने भरलेले हात पुसले आणि सावकाश चष्मा शोधला. तिला वाचायची फारशी घाई नव्हती.

बिंबारा खाडीच्या ऑनलाइन गटात साडेचारशे माणसं होती, म्हणजे लहान पोरं सोडली तर अख्खं गावच. हरवलेली कुत्री, विकायला काढलेल्या होड्या, पाण्याखाली गेलेला पूल, सगळं तिथे यायचं. गट सुरू केला होता डॉरीनच्या नवऱ्याने, क्लेमने. तो गेल्यावर डॉरीनने तीन महिने घराचे पडदेसुद्धा उघडले नव्हते. शेवटी क्लेमच्या जोडीने गट सांभाळणाऱ्या शेजारच्या जॅनिसने जवळजवळ दटावूनच तिला गटाची अ‍ॅडमिन केलं, आणि दोघी मिळून तो चालवू लागल्या. डॉरीन जरा कुठे रुळते आहे, तोच हा 'जुना पेलिकन' उगवला.

खरं नाव नाही, गाव नाही, फोटोच्या जागी एक पेलिकन. रोज सकाळी सव्वासातला हजर. डॉरीनने भरतीचं माप टाकलं की हा लिहिणार, माप चुकलंय, बाईंनी अंथरुणातूनच अंदाज बांधलेला दिसतो. मग डॉरीन गमबूट चढवून, टेप घेऊन जेट्टीच्या दुसऱ्या खांबापर्यंत तणतणत जाणार, माप घेणार, फोटो टाकणार. त्यावर हा म्हणणार, टेप तिरका धरलाय.

एकदा त्याने लिहिलं, की डॉरीनबाईंचे भोपळ्याचे स्कोन होडीला नांगर म्हणून चालतील. त्या शनिवारी डॉरीनने तीन ट्रे स्कोन भाजले, गावच्या अग्निशमन दलाला बसवून खायला घातले आणि अकरा जणांच्या सह्यांचा कागद गटात टाकला. पेलिकन म्हणाला, उपाशी माणसांची साक्ष धरत नाहीत.

असल्या माणसाला काढायचं कसं, याचे नियम क्लेमने स्वतः घालून दिले होते. आधी तीन इशारे द्यायचे, आणि मग दोन्ही अ‍ॅडमिन राजी असतील तरच बाहेर. रागाच्या भरात कोणी एकट्याने कुणाला काढू नये, असं त्याचं म्हणणं. तीन इशारे कधीच देऊन झाले होते. अडून बसली होती ती जॅनिस.

"शिवी तर देत नाही ना तो कुणाला," ती आताही म्हणाली.

"दिली असती तर बरं झालं असतं. एका मिनिटात हाकलला असता. हा साखर लावून सोलतो." डॉरीन खुर्चीत बसली आणि लगेच उठली. "अगं, सात वाजता उठून बसते मी, याने आज काय दिवे लावलेत ते बघायला. दात घासायच्या आधी. याच्या बायकोचं काय होत असेल गं? रोज न्याहारीला हे ऐकायचं. पुतळा उभारायला हवा बिचारीचा."

जॅनिसला एकदम खोकला आला. पीठ घशात गेलं म्हणाली.

"आजचं वाच," डॉरीन म्हणाली.

आजचं खरंच जड होतं. गावाने क्लेमच्या आठवणीसाठी जेट्टीवर एक बाक ठेवायचं ठरवलं होतं. पाण्याकडे तोंड करून, असं डॉरीनने सुचवलं होतं. पेलिकनने लिहिलं होतं, की पाण्याकडे तोंड केलं तर संध्याकाळचं ऊन डोळ्यांत जाईल, बाक गावाकडे वळवा, म्हणजे येणारी-जाणारी माणसं दिसतील. क्लेमला शोभेची जागा नको, बसायची हवी.

"माझ्या मेलेल्या नवऱ्याने कुठे बसायचं ते हा सांगणार?" डॉरीनचा आवाज चिरकला. "क्लेम असता तर याला पहिल्याच दिवशी सरळ केलं असतं."

जॅनिस ओव्हनकडे वळली. स्कोनचा ट्रे बाहेर काढला.

"तू नाही म्हणालीस तर मी आज गट सोडते," डॉरीन म्हणाली. "परत येणार नाही. लोकांना काय सांगायचं ते तू सांग."

"बरं," जॅनिस म्हणाली. "काढू या."

डॉरीनने बटण दाबलं. मग जॅनिसने आपल्या मोबाईलवर संमती दिली. पेलिकन यादीतून नाहीसा झाला.

डॉरीनने दोन स्कोन खाल्ले, लोणी जरा जास्तच लावून. सहा महिन्यांत पहिल्यांदा डोकं हलकं झालं म्हणाली. उद्या नऊपर्यंत झोपणार होती. उठून करायचंय काय, असंही म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मग गमबूट हातात घेऊन, मोज्यांवरच कुंपण ओलांडून ती घरी गेली.

जॅनिसने दार लावलं आणि ओट्याखालच्या खणातून, घडी घातलेल्या फडक्यांच्या खालून, एक शाळकरी वही काढली. क्लेमने हॉस्पिटलच्या शेवटच्या महिन्यात ती तिच्या हातात दिली होती. 'माझं काही बांधतीलच, त्यावर भांड' या ओळीपुढे आणि तिच्याखालच्या बाकाबद्दलच्या चार ओळींपुढे तिने पेन्सिलीने खूण केली आणि पान उलटलं.

'इथपर्यंत तिने पेलिकनला हाकललेला असेल,' क्लेमच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं. 'नसेल, तर तिची तब्येत ठीक नाही, डॉक्टरला बोलाव. असेल, तर आता म्हातारा खेकडा हे नाव घे. वेळ तीच, सव्वासात. सुरुवात तिच्या गमबुटांपासून कर.'