समईचं तेल

बाइकच्या हँडलवरच्या क्लच ऑइलच्या डबीचं झाकण उघडताच तुषार थबकला. आतून देवघरातल्या तिळाच्या तेलाचा वास आला.

“म्हणे सर्व्हिसिंग केलंय! क्लच दाबूनही गाडी पुढे उसळली, भर सिग्नलला पाडलं मला,” प्लास्टरमधला हात सांभाळत रेवती नवऱ्यावर बरसली. “पुन्हा माझ्या गाडीला हात लावून बघ!”

पायरीवर बसलेले तिचे वडील, नाना, त्या डबीकडे बघू लागले. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालताना डबीची इवलीशी काच त्यांना अर्धी रिकामी दिसली होती. सणासुदीला समई तरी आपण अशी ठेवतो का? त्यांनी समईचंच तेल भरलं होतं.

क्लचमधून काढलेलं, फुगलेलं रबरी सील बोटांत फिरवत तुषारने सासऱ्यांकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाला, “चुकलंच माझं. भलतंच तेल पडलं, त्याने सील फुगलं आणि क्लच सुटेना.”

“कबूल केलंस एकदाचं!”

कीर्तनात बुवा चुकीच्या कबुलीवर आले की नानांची मान सर्वांत आधी डोलायची. आता ती वर होईना.

जावयाच्या हातातलं सील त्यांनी काढून घेतलं. “रेवा, इकडे बघून रागाव. समईचं तेल मी ओतलं, बाळा.”