थोडासा थकवा

“काही नाही हो, जरा थकवा आहे,” थोरले काका डॉक्टरांना म्हणाले. मुलीची आई शेजारी गप्प बसली होती. सात महिने ती हेच करत आली होती.

मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. हात इतका सफाईदार, की अवघड नंबर मालक तिच्याकडेच द्यायचे. मग एके दिवशी ती आईला म्हणाली, “मी घासलेल्या काचांतून लोक आपल्या घरात बघतात.” आठवड्याभरात तिने काम सोडलं, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, झोप उडाली.

आईने तेव्हाच दवाखान्याचं नाव काढलं होतं. काकांनी लगेच घरात बैठक बसवली. मुलीला काय होतंय हा विषय पाच मिनिटांत आटोपला. शेजाऱ्यांना काय सांगायचं यावर दोन तास खल झाला. आत्याच्या मते मोबाइल नडला. मामांच्या मते लग्न लांबलं. शेवटी ‘थकवा’ या शब्दावर एकमत झालं आणि सगळे हुश्श करून जेवायला बसले. मुलगी बसली नाही. अन्नात काचेचा चुरा आहे असं तिला वाटू लागलं होतं.

पुढे हवापालट झाला, टॉनिक झालं, समजुतीचे चार शब्द झाले, दटावणीचे चाळीस. मुलगी वाळत गेली. काल तिने आईच्या डोळ्यांवरचा चष्मा ओढून मुठीत चुरडला. हाताला नऊ टाके पडले, तेव्हा कुठे काकांचा नाइलाज झाला.

“लवकर आणलं असतं तर बहुधा इतकं वाढलं नसतं,” डॉक्टर म्हणाले. मग ते मुलीकडे वळले. “तुला आवाज ऐकू येतात?”

“छे छे, आवाज वगैरे—” काका म्हणाले.

“तिला बोलू द्या. काही हुकूम देतो का कोणी?”

मुलीने होकारार्थी मान हलवली. “‘डॉक्टरकडे जायचं नाही. घराण्याचं नाव जाईल.’ रोज सांगतो.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. “कधीपासून?”

“सात महिने.”

“आणि हा आवाज फक्त तुलाच ऐकू येतो?”

मुलगी गोंधळली. तिने आईकडे पाहिलं. आईने त्या बैठकीनंतर पहिल्यांदाच काकांच्या देखत तोंड उघडलं.

“नाही डॉक्टर, मलाही येतो. हे काय, तुमच्या समोरच बसलेत.”