कासवाचा पाय

भांडून घर सोडलेल्या मुलीने दोन वर्षांत बापाचा एकही फोन उचलला नव्हता. तिच्या घरीच राहिलेल्या कासवाचा पाय दगडावर खरचटला, तसा बापाने घाबरून निरोप धाडला आणि मिनिटभरात तिचाच फोन आला.

मग रोज संध्याकाळी फोन. "कोमट पाण्याने धुवा, आयोडीन पातळ करून लावा, खालचा कागद बदला." आयुष्यभर शिंपीकाम केलेल्या हातांनी तो सगळं जीव ओतून करी. "तुम्ही कसे आहात?" एवढं मात्र ती कधी विचारत नसे.

आज जखमेवर नवी कातडी आलेली दिसली. फोन वाजला.

"अजून ओलीच आहे गं जखम," तो गयावया करत म्हणाला. "उद्याही फोन करशील ना?"



"नाही बाबा. उद्या घरीच येते."