सैल पट्टा

त्यानं चपलेच्या पट्ट्याची शिवण पुन्हा उसवली. बायको आंघोळीला गेली होती. आतून पाण्याचा आवाज येत होता, तोवर काम उरकायला हवं होतं. कातड्याची करंगळीएवढी पट्टी त्यानं आत सरकवली, कडा रापीनं तासून पातळ केल्या आणि जुन्याच भोकांतून दोरा ओवला. वरून रंगाचं बोट फिरवलं. आता खुद्द त्यालाही सांधा सापडला नसता.

बाजारात त्याचं चपलांचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की तो आधी पाय बघायचा, मग तोंड. बायकोच्या पावलांवर हल्ली संध्याकाळी पट्ट्याचा वळ उमटायचा, दोरी बांधून सोडल्यासारखा. ती लाँड्रीत दिवसभर इस्त्री करायची. उभ्याचं काम, उतरतं वय, पाय भरणारच. ते बोलून दाखवून तिला कशाला हिरमुसायचं? वळ दिसला की दुसऱ्या दिवशी पट्टा गुपचूप सैल व्हायचा.

ती आपली खुशीत होती. दुपारी बरोबरीच्या बायका चपला काढून टाचा चोळत बसायच्या, हिच्या पायात मात्र चपला तशाच. "तुझा नवरा चपला शिवतो का पाळणे?" एकीनं टोमणा मारला. तो टोमणा घरी येऊन नवऱ्याला सांगताना ती नव्या नवरीसारखी लाजली. इस्त्री फिरवता फिरवता मग तिनं दोन ओळी जुळवल्या, आणि त्याच गुणगुणत राहिली:

*वाट काट्याची चालते, काटा पायाला लागेना*
*धनी शिवतो वहाण, पाय दुखणं सांगेना*

मुलगी माहेरी आली, ती आईकडे बघतच राहिली. "आई, डोळे किती सुजलेत तुझे. आणि जेवत का नाहीस? चल, एकदा तपासून येऊ."

"झोप जास्त झाली गं."

"मागच्या खेपेलाही जास्तच झाली होती. बाबा, तुम्ही तरी सांगा हिला."

आईनं कोपऱ्यातल्या चपला ओढल्या, पायांत सरकवल्या आणि खोलीभर मिरवून आली. "या तुझ्या लग्नातल्या. अजून तश्शा बसतात. आजारी बाईचं अंग असं मापात राहतं होय?"

मुलीनं वडिलांकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण बायको आरशापुढे पाय तिरका करून उभी होती, आणि तिच्या तोंडावरचा तो तोरा त्याला मोडवेना.

"मी काय सांगू?" तो म्हणाला. "तुझ्या आईचं माप मला पाठ आहे."

मुलगी हसली. विषय तिथंच राहिला.

पुढच्या हिवाळ्यात बायकोला अन्नाचा वासही नकोसा झाला. अंगाला खाज सुटायची, जिन्यावर मध्येच बसावं लागायचं. एके दिवशी इस्त्री हातात असतानाच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बायकांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पुन्हा एकदा वाचले आणि बाजूला ठेवले. "रक्तदाब बरीच वर्षं वाढलेला असणार. दोन्ही किडन्या झिजल्यात त्यानं. आता डायलिसिस सुरू करावं लागेल. मशीनवर रक्त गाळून घ्यायचं, आणि ते आता चुकणार नाही."

"गोळ्यांनी नाही भागायचं?" त्यानं विचारलं.

"आधी आला असतात तर भागलं असतं. रक्तदाबाची गोळी, मीठ कमी, वेळच्या वेळी तपासणी. एवढ्यावर किडनी वर्षानुवर्षं टिकवता येते. पण ती दुखत नाही हो. कुठं सूज दिसली तर तीच तिची हाक."

त्या खाली वाकल्या. तिच्या घोट्याजवळ अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, ओल्या कातड्यावर राहतो तसा. त्याला तो ओळखीचा होता.

"ही सूज कधीपासून आहे?"

ती गोंधळली. "सूज? मला तर कधी जाणवली नाही."

"असं कसं होईल? आजची नाही ही. माणसं माझ्याकडे येतात तीच मुळी चपला होईनात म्हणून. तुमच्याही घट्ट झाल्या असतील. चावल्या असतील. आठवून बघा."

त्यानं मान खाली घातली. मांडीवर त्याचे हात पालथे पडले होते. नखांच्या कडांना रंग होता.

कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिनं त्याचा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि डॉक्टरांना दिसेल असा वर धरला.

"मला चप्पल कधी चावलीच नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "चावेल कशी? आमच्या ह्यांच्या हातची आहे."